आजचं एक वाक्य

आईच्या पोटावर, बेंबीच्या डावीकडे चार बोटं सोडून, एक पट्टी चिकटवलेली होती. ग्लुकोज बिस्किटाएवढी आणि तेवढीच जाड. तिच्यात औषधाचे तीन कप्पे होते. पहिल्यात अगदी थेंबभर, दुसऱ्यात त्याहून जास्त, तिसऱ्यात पूर्ण मात्रा. कप्पा उघडला की आतली बारीक सुई कातडीखाली औषध सोडायची. कधी उघडायचा हे पट्टीच ठरवायची. माणसाच्या हातात एकच गोष्ट ठेवली होती, ती म्हणजे थांबवणं. त्यासाठी माझ्या भावाच्या अंगठ्याचा ठसा लागायचा.

आई पट्टीला पाहुणी म्हणायची. "पाहुणीला अंघोळ चालते का गं?" असं तिनं नर्सला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

आजार मज्जेचा होता. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथंच एका जातीच्या पेशी बेसुमार वाढत होत्या आणि हाडं आतून पोखरत होत्या. पहिल्या औषधांपुढे आजार वर्षभर दबला, मग दबेना. मध्ये एकदा ती औषधं सोसेनात म्हणून उपचार थोडे दिवस थांबवले होते. तेवढ्यात पाण्याचा तांब्या उचलताना आईचा मणका खचला. तेव्हापासून 'थांबू या' हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे.

नवं औषध मिरजेच्या डॉ. फरहाना मुजावर यांनी मला आणि दादाला समजावून सांगितलं. "हे दोन हातांचं प्रथिन आहे," त्या म्हणाल्या. "एका हातानं ते कर्करोगाच्या पेशीला धरतं. दुसऱ्या हातानं तुमच्याच रक्तातल्या लढाऊ पेशीला धरून तिच्यासमोर आणतं. मारायचं काम लढाऊ पेशी करते. औषध फक्त गाठ घालून देतं."

"मग धोका कसला?" दादानं विचारलं.

"लढाऊ पेशी एकदम जाग्या झाल्या तर एकमेकींना हाका मारायला रसायनं सोडतात. फार हाका झाल्या की ताप चढतो, रक्तदाब पडतो. म्हणून पायरीपायरीनं चढायचं. शरीराला सवय लागू द्यायची." मग त्यांनी टेबलावरचं पेन उचललं. "दुसरा धोका मेंदूचा आहे. त्याच रसायनांनी मेंदूचं कुंपण सैल होतं, सूज येते. माणूस आधी शब्द विसरतो, मग अक्षर बिघडतं, मग झोपेत जातो. वेळेत कळलं तर बहुतेक जण बरे होतात."

'वेळेत' म्हणताना त्यांनी पेननं टेबलावर टिचकी मारली.

पूर्वी या औषधासाठी पेशंटला वॉर्डात ठेवून घेत. दर काही तासांनी नर्स येऊन विचारायची, नाव काय, गाव कोणतं, हे काय आहे, शंभरपासून उलटे आकडे म्हणा, एक वाक्य लिहा. पण आजारी माणसं वाढली आणि खाटा वाढल्या नाहीत. मग पट्टी आली. ताप, नाडी, प्राणवायू, त्या हाका मारणाऱ्या रसायनांचं प्रमाण, हे सगळं ती कातडीतून मोजायची. मेंदू मात्र पोटाच्या कातडीतून मोजता येत नाही. म्हणून पट्टीसोबत एक पाटी दिलेली असायची, तळहाताएवढी, जोडीला पेन. रोज सकाळी पाटीवर अक्षरं उमटायची: आजचं एक वाक्य लिहा.

आपण काय लिहिलं याच्याशी पाटीला फारसं घेणं नव्हतं. ती पेनचा दाब मोजायची, बोटांची थरथर, दोन अक्षरांमधली अंतरं, शिरोरेषेचा सरळपणा. औषध सुरू होण्याआधीचे काही दिवस ती माणसाचं अक्षर शिकून घ्यायची आणि पुढे रोजचं अक्षर त्याच्याशी ताडून बघायची. जुळलं की हिरवी खूण. नाही जुळलं की पट्टी स्वतःला कुलूप घालायची आणि दवाखान्यात घंटा वाजायची. हजारो पेशंट तपासून बनवणाऱ्यांनी असं ठरवलं होतं की जीभ अडखळण्याच्या कितीतरी आधी हात अडखळतो. म्हणून बाकीचे प्रश्न त्यांनी पहिल्या आठवड्यानंतर ऐच्छिक करून टाकले.

आईला ते प्रश्न आवडले नव्हतेच, आठवडा संपताच तिनं ते सोडून दिले. "घड्याळ दाखवून विचारतात, हे काय? उद्या विचारतील, नाक कुठंय?"

पट्टी बसवायला एस्तेर सिस्टर तासगावला आमच्या घरी आल्या होत्या. त्यांनी पाटी पुढे केली. "आजी, लिहा काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"मनात येईल ते."

आईनं स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि लिहिलं, 'मकरंदने आज पोह्यांत शेंगदाणे जास्त घातले.' सिस्टर हसल्या. दादा आतून म्हणाला, "आता माझी तक्रार पार कंपनीपर्यंत पोचली का?" दुसऱ्या दिवशी तिनं हवेबद्दल काहीतरी लिहिलं. तिसऱ्या दिवशी पाटी मांडीवर घेऊन नुसतीच बसली.

"रोज काय नवीन घडतंय माझ्या आयुष्यात?" ती म्हणाली. मग तिनं लिहिलं, 'श्रीराम जय राम जय जय राम.'

बाबा गेल्यापासून ती हे लिहीत आली होती. रोज सकाळी अंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंब घेण्याआधी, वहीचं एक पान, लाल शाईनं. वह्या भरल्या की दादा त्या कापडात बांधून स्कूटरवरून गावाबाहेर बांधत असलेल्या राममंदिरात नेऊन द्यायचा. तिथं त्या मंदिराच्या पायाभरणीत ठेवत. तीस वर्षांत तिच्या हाताला ती ओळ अशी बसली होती की लिहिता लिहिता ती दुधावर लक्ष ठेवू शकायची, दारात आलेल्या भाजीवाल्याशी भांडू शकायची.

"चालेल का हो हे?" तिनं सिस्टरना फोन करून विचारलं.

"खूण हिरवी येतेय ना आजी? मशीनला चालतंय तर मी कोण. देवाचं नाव लिहिताय, चांगलंच आहे." सिस्टरनी तिला पाटीवरच्या शाईचा रंग लाल कसा करायचा तेही सांगितलं.

आई खूश झाली. "माझं नाम होतंय आणि तुमचं काम होतंय," ती मला फोनवर म्हणाली.

अशा रीतीनं पाटी आईचं जे अक्षर शिकली, ते त्या एका ओळीचं होतं.

मी पुण्यात एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. सकाळी कपाटं उघडण्याआधी फोनवर ती लाल ओळ यायची, शेजारी हिरवी खूण. मी ती बघायचे आणि कामाला लागायचे. त्यात वाचण्यासारखं काही नसायचं.

दादाचं बेदाण्याचं शीतगृह आहे. द्राक्षं सुकवून केलेला लोकांचा माल त्याच्याकडे वर्षवर्ष पडून असतो. खोली किती गार, हवा किती दमट, हे सगळं दारावरच्या दिव्यांवर दिसतं. दिवा हिरवा असताना उगाच दार उघडलं तर गारवा जातो आणि मालाला पाणी सुटतं. हे तो कामगारांना इतक्यांदा सांगतो की वहिनी त्याला चिडवायच्या, "हिरवा असला की उघडायचं नाही, माहितीये आम्हाला." आईची पाटी घरी आली तेव्हा त्याला ती लगेच कळली, आणि आवडलीही.

पहिला कप्पा उघडला, काही झालं नाही. सोमवारी दुसरा उघडला, थोडा ताप आला आणि उतरला. तिसरा गुरुवारी सकाळी दहाला उघडायचा होता. मी रजा टाकून बुधवारी दुपारी तासगावला पोचले.

आई सोप्यात खुर्चीवर बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "आलीस? बरं झालं. ते हे दे बघू."

मी चष्मा दिला.

"हे नव्हे. ते."

मी पाणी दिलं. ती प्याली. तिला तेच हवं होतं की नाही, ते मला कळलं नाही.

आमच्या घरात निम्मा संसार 'हे' आणि 'ते' वर चालतो. त्याला ते सांग, हे तिकडं ठेव, त्याचं ते हे झालं का. सगळ्यांना सगळं कळतं. तरी मी चहा घेताना दीपाली वहिनींना विचारलं, "आई बोलताना अडखळतेय का?"

"कालपासून मला सुमन म्हणतायत," वहिनी म्हणाल्या. सुमन म्हणजे आईची धाकटी बहीण, तिला जाऊन खूप वर्षं झाली.

दादा तिथंच होता. "मला ती लहानपणापासून बाबांच्या नावानं हाक मारते. तुला माझ्या नावानं. त्यात काय नवीन?"

"तसं नाही रे दादा. वस्तूचं नाव एकदाही घेतलं नाही तिनं."

"औषधाचा थकवा असतो. ऑक्सिजन बघ, नाडी बघ. सगळं हिरवं आहे."

मी आईसमोर जाऊन बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून धरलं. "आई, हे काय आहे?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला शिकवतीयस?" म्हणाली आणि मान फिरवली. तिला राग आला की तिला ते सांगता आलं नाही, हे मला त्या मानेवरून ओळखता आलं नाही. आजही येत नाही.

गुरुवारी सकाळी मी दादाला स्वयंपाकघरात गाठलं. "आजचा डोस थांबवू या."

तो पोहे भिजवत होता. हात पुसले नाहीत, तसाच उभा राहिला. "थांबवलं तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"तेवढ्या दिवसांत आजार काय करील तेही माहितीये? मागच्या वेळी मणका गेला. ह्या वेळी किडनी जाईल. डॉक्टर बोलल्यात."

"एकदा विचारून तरी बघू."

त्यानं लगेच मदतवाहिनीला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. तिकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आज पाटी लिहून झाली का? नाही? मग आधी लिहून घ्या. हिरवी आली तर काळजीचं कारण नाही. डॉक्टर ओपीडीत आहेत, मी निरोप ठेवते."

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "आई लिहील. अक्षर तूच बघ. बिघडलेलं असलं तर तू म्हणशील तसं. हा माझा अंगठा."

हे रास्त होतं. मला याहून रास्त काही सुचलंही नसतं.

आईची अंघोळ झाली होती. वहिनींनी तिच्या मांडीवर पाटी ठेवली. तिनं पेन घेतलं, पाटीला कपाळ टेकवलं आणि लिहायला लागली. मी तिच्या खांद्यामागे उभी होते. 'श्री'चा वळसा एका दमात आला. 'ज'ची गाठ, 'म'चा दांडा, सगळं जिथल्या तिथं. ती नेहमी अक्षरं आधी लिहायची आणि शिरोरेषा शेवटी, एका ओढीत, सगळ्या ओळीवरून. तशी तिनं ती ओढली. रेषा सुतात होती. लहानपणापासून शेजारी बसून जी ओळ मी पाहत आले, तीच. खूण हिरवी झाली.

दादानं माझ्याकडे बघितलं.

"झालं?" आई म्हणाली.

दहाला पट्टीतून टक् असा आवाज आला, पेनचं टोपण लावल्यासारखा.

दुपारी जेवायला बसवलं तेव्हा तिनं वरणात बोट बुडवलं आणि लिहायला टेकवावं तसं ताटाच्या कडेवर ठेवलं. मग ताटाकडे बघत राहिली. चारच्या सुमारास ती झोपली आणि आम्ही उठवायला गेलो तेव्हा उठली नाही. पट्टीनं घंटा दिली ती आम्ही तिला गाडीत घातल्यावर, मिरजेच्या वाटेवर. पाटी घरीच खुर्चीवर राहिली होती, हिरवी.

डॉ. मुजावरांनी स्टेरॉइड सुरू केलं, मेंदूचा फोटो काढला आणि तासाभरानं आमच्यापाशी आल्या. "सकाळचं अक्षर कसं होतं?"

"उत्तम," मी म्हणाले आणि फोन पुढे केला.

त्यांनी पाहिलं. "खरंच उत्तम आहे." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कालचं दाखवा. परवाचं." त्या बोटानं मागे मागे जात राहिल्या. प्रत्येक दिवशी तीच लाल ओळ. "या रोज हेच लिहायच्या?"

"तीस वर्षं," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीचा अभिमान होता.

डॉक्टरांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग हळू बोलल्या, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता. "नवीन वाक्य बनवायला मेंदूचा डावा भाग लागतो. काय सांगायचं ते ठरवायचं, शब्द शोधायचे, एकापुढे एक लावायचे. सूज आली की ते आधी बंद पडतं. पण इतकी वर्षं घोटलेली ओळ तिथून येत नाही. वेणी घालणं, सायकल चालवणं जिथं साठतं तिथून ती येते, खूप खोलातून. सूज तिथं शेवटी पोचते."

"म्हणजे सकाळी..." मी म्हणाले.

"बहुधा मंगळवारपासूनच. दुसऱ्या डोसनंतर." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मशीननं त्यांचा हात तपासला. हात चांगलाच होता. वाक्य का लिहून घ्यायचं, तेच कुणी विचारलं नाही."

दादा उठून खिडकीपाशी गेला.

शुक्रवारी आईनं डोळे उघडले. डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं ते बँकेच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईकडे पाहावं तसं. मग मला तिचा उजवा हात हलताना दिसला. चादरीवर तर्जनी फिरत होती. आधी वाटलं, थरथर आहे. नंतर त्यातला 'श्री'चा वळसा मी ओळखला. बोट पुढे सरकत गेलं, थांबलं, उचललं गेलं आणि परत मागे येऊन एका ओढीत सरळ रेषा मारून गेलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

दादाचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला. "बघ," तो म्हणाला, "नाम चालू आहे तिचं." त्यानं हात जोडले.

मी बाहेर निघून गेले. आम्ही दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती आणि त्यानंतर बरेच दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

आई सोमवारी सकाळी गेली. बोट रविवारी थांबलं होतं. ती मिरजेला असताना केलेल्या मज्जेच्या तपासणीचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. आजाराची एकही पेशी आढळली नाही, असं त्यात लिहिलं होतं. औषधानं त्याचं काम केलं होतं.

तेरावं झाल्यावर पट्टी बनवणाऱ्या कंपनीकडून निवेदिता राजे नावाच्या बाई आल्या. वयानं माझ्याएवढ्याच, साधा पंजाबी ड्रेस, चहाला नको म्हणाल्या. त्यांनी बचाव केला नाही. पाटी जशी बनवली होती तशीच वागली, बनवण्यातच चूक होती, असं त्यांनी सरळ सांगितलं. "आम्हाला तिला शिकवायचं आहे. सवयीचं लिहिणं कसं दिसतं आणि सुचून लिहिणं कसं दिसतं. तुमच्या आईंच्या ओळींमध्ये पेनचा वेग, दाब, सगळं साठलेलं आहे. ते वापरायला नोंदणीकृत सोबती म्हणून तुमची परवानगी लागेल, मकरंदजी."

"वापरणार म्हणजे काय करणार?" दादानं विचारलं.

"मंगळवारपासूनच्या ओळींना वेगळी खूण करणार. धोक्याची."

"लाल?"

त्या घुटमळल्या. "हो, लाल."

"रामाच्या नावावर धोक्याची खूण."

"नावावर नाही हो. त्या वेळच्या मेंदूच्या अवस्थेवर."

"ती अवस्था म्हणजे माझी आई शेवटचं नाम लिहीत होती ती." दादा उठला. "तुमच्या मशीनला चुकीचं काय हे शिकवायला माझ्या आईचं नामच सापडलं? नाही. त्या ओळी मला छापून द्या आणि तुमच्याकडच्या पुसून टाका. तिच्या वह्या गेल्यात तिथं मी त्या ठेवणार आहे."

बाई गेल्यावर मी म्हणाले, "दादा, असंच कुणीतरी आणखी मरेल."

"म्हणून आईची ओळ चूक ठरवायची?"

"चूक नाही. ती ओळ आपल्याला काही सांगत नव्हती, एवढंच."

"मला सांगत होती."

"तुझ्या शीतगृहातला दिवा हिरवा असतो तेव्हाही कधीतरी आत माल काळा पडलेला असतो. तू दार उघडून बघतोस की नाही?"

"बघतो." तो परत खाली बसला. मग म्हणाला, "त्या सकाळी मी तुला दार उघडून दिलं होतं, केतकी. अक्षर तूच बघ म्हणालो होतो. काय दिसलं तुला?"

मी बॅग भरली आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला आले.

नंतरचं मला वहिनींकडून कळलं. विट्याचा एक माणूस बेदाण्याची खोकी घेऊन दादाकडे आला होता. काट्यावर माल चढेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. त्याचे वडील निवृत्त तलाठी, त्यांनाही तेच औषध, तीच पट्टी. "बाबा रोज एकच लिहितात," तो हसत सांगत होता. "'सदर दाखला मागणीवरून दिला असे.' जन्मभर तेच लिहिलं ना. आम्ही म्हणतो, बाबा, ऑफिस सुटलं आता. पण अक्षर बघा त्यांचं, छापल्यासारखं." दादानं काटा बंद केला. वहिनी म्हणाल्या, त्यानं त्या माणसाचं मनगट इतकं घट्ट धरलं की तो घाबरला.

"पुढचा डोस कधी आहे?"

"उद्या. का?"

"आत्ता घरी फोन लाव. दुसरं काहीतरी लिहायला सांग त्यांना. काहीही. जे आयुष्यात कधी लिहिलं नाही ते."

फोन चालू ठेवून दादा तिथंच उभा राहिला. पलीकडे म्हातारे गृहस्थ पाटी घेऊन बसले. आधी चिडले, मला काय शाळेत घालताय म्हणाले. मग पुष्कळ वेळ आवाज आला नाही. शेवटी त्यांच्या सुनेनं वाचून दाखवलं. 'सदर पाणी सदर पाणी सदर.' अक्षर छापल्यासारखंच होतं.

त्या माणसानं घरी पोचताच अंगठा लावून पट्टी थांबवली. म्हातारे मिरजेला गेले, सूज उतरली, घरी आले. पायरी पुन्हा पहिल्यापासून चढावी लागली आणि तेवढ्यात आजारानं त्यांचं बरंच काही नेलं. ते किती टिकतील, कुणी सांगू शकत नाही. पण त्यांना सुनेचं नाव घेता येतं.

तो माणूस येऊन गेला त्याच संध्याकाळी दादाचा मला फोन आला. किती आठवड्यांनी, ते मोजायचं मी टाळलं होतं.

"सही केली," तो म्हणाला.

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"त्या बाई म्हणाल्या, ओळी अजून पुसलेल्या नाहीत. पण खूण लालच असते, बदलता येत नाही." तो थांबला. "म्हटलं, असू दे. तसंही आई लाल शाईनंच लिहायची."

मग आम्ही दोघंही फोन कानाला धरून बसून राहिलो. त्याच्याकडच्या यंत्रांची घरघर मला ऐकू येत होती.

आता पाटी बदलली आहे. ओळखीची ओळ लिहिली की ती म्हणते: हे तुम्ही फार वेळा लिहिलं आहे. आज नवीन काही सांगा. लोक कुरकुरतात, असं एस्तेर सिस्टर सांगत होत्या. एका आजींनी पाटीला शिव्या लिहिल्या आणि खूण हिरवी आली. सिस्टर हे सांगताना हसल्या आणि मग त्यांनी विषय बदलला.

दादा मंदिरात ओळी ठेवून आला. मी गेले नाही. वहिनींनी सांगितलं की छापील कागद त्यानं कापडात बांधले, जसे आईच्या वह्या बांधायचा तसेच, आणि गाठ बसेना म्हणून तीनदा सोडून बांधले.

आमच्यात काय मिटलं आणि काय मिटलं नाही, याची चर्चा आम्ही कधी केली नाही. पण त्यानं एक सुरू केलं. रोज सकाळी तो कागदाच्या चिटोऱ्यावर हातानं एक वाक्य लिहितो, फोटो काढतो आणि मला पाठवतो. कोणत्या खोलीत कुणाचा माल आला. वहिनींचा गुडघा. आईची खुर्ची सोप्यातून आत नेली, मग परत बाहेर आणली. त्याचं अक्षर लहानपणापासून कोंबड्याच्या पायासारखं, त्यावरून आईची बोलणी खायचा. सुरुवातीला मी प्रत्येक अक्षर मोठं करून बघत असे, दांडा थरथरला का, रेषा वाकली का.

आज सकाळी कपाटं उघडण्याआधी फोन वाजला.

'आज पोह्यांत शेंगदाणे बरोबर पडले.'

मी अक्षर पाहिलं नाही. वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.